धुराड्याची झडप

मेदेर रडत आला. रिवाजाप्रमाणे त्याने फाटकापासूनच हंबरडा फोडला आणि कमरेत वाकून, काठी टेकत, "गेलीस गं माझे आयसाल्किन," असं म्हणत तो लोकरीच्या नमद्याच्या तंबूपर्यंत चालत आला. अशा वेळी घरच्या पुरुषांनी पुढे व्हायचं असतं, आलेल्याला कवेत घ्यायचं असतं, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून दोघांनी रडायचं असतं. तंबूच्या दाराशी सहा पुरुष ओळीने उभे होते. त्यात पहिला कादिरकुल, गेलेल्या पोरीचा बाप. तो जागचा हलला नाही. तो हलला नाही म्हणून बाकीचे पाचही हलले नाहीत. मेदेर थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग बाहीने तोंड पुसून आत गेला आणि दाराला लागून, जिथे लोक जोडे काढतात तिथे, सगळ्यात खालच्या जागी बसला.

कादिरकुलला त्या क्षणी बरं वाटलं. नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

आयसाल्किन जानेवारीत गेली. आजीच्या घरात, मागच्या खोलीत, कोळशाच्या धुराने. भट्टीतले निखारे पुरते विझायच्या आत धुराड्याची झडप लावली गेली, विषारी वायू खोलीत कोंडला, आणि तापाने फणफणलेली ती एकतीस वर्षांची पोरगी झोपेतून उठलीच नाही. आजी सायराकान, म्हणजे कादिरकुलची आई, आणि आयसाल्किनची पाच वर्षांची लेक बेगिमाय पुढच्या खोलीत झोपल्या होत्या. तिथली खिडकी नीट बसत नव्हती, फटीतून गार वारा येत होता, म्हणून त्या दोघी वाचल्या. आयसाल्किनचा नवरा मेदेर घरात नव्हता. तो कोळशाचा ट्रक चालवायचा. पहाटे खाणीवरच्या रांगेत नंबर लागावा म्हणून रात्री नऊलाच निघाला होता. सकाळी परत आल्यावर त्याने सांगितलं की झडप आपणच लावली, जाताना. घाईत लवकर लावली.

गावाने ते मान्य केलं. कोळशाच्या धुराने दर हिवाळ्यात माणसं जातात. पण कादिरकुल एकतीस वर्षं पोलिसात होता, त्यातली अठरा मुख्य तपास अधिकारी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लोक त्याला बघून आवाज खाली आणायचे. त्याने पोरीला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन गल्लीत फिरायला लागला. त्या संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. मेदेरला कामासाठी रशियात जायचं होतं, तिला ते नको होतं. आणि समोरच्या मेंढपाळाने सांगितलं की रात्री साडेदहाला तो व्यायला आलेल्या मेंढीला बघायला उठला, तेव्हा सायराकानच्या धुराड्यातून धूर चांगला सरळ वर जात होता.

म्हणजे साडेदहाला झडप उघडी होती. म्हणजे नऊला लावली हे खोटं. म्हणजे हा माणूस नंतर परत आला, सगळे झोपल्यावर आला, आणि झडप लावून गेला.

कादिरकुलने ठाण्यात आपल्या हाताखाली तयार झालेल्या एकाला फोन केला. "जरा बोलतं करा त्याला," एवढंच म्हणाला. या चार शब्दांचा अर्थ काय होतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. अकरा दिवस मेदेर आत होता. अकराही दिवस त्याने एकच सांगितलं, की झडप मी लावली, नऊ वाजता, चुकून. पुरावा नाही म्हणून सोडावं लागलं. तोपर्यंत कादिरकुलने नातीला आपल्या घरी आणलं होतं, आणि बापाचं नाव घरात काढायचं नाही असं तिला सांगून ठेवलं होतं.

वर्षाचं जेवण, ज्याला त्या मुलखात आश म्हणतात, ते खरं तर नवऱ्याच्या घरच्यांनी घालायचं. मेदेर अनाथाश्रमात वाढलेला, त्याच्याकडे ना आई ना भाऊ. कादिरकुलने तेही आपल्याकडे घेतलं. बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून ऑक्टोबरातच ठेवलं. घोडा कापला, आईच्या अंगणात तीन तंबू उभारले. आणि जेवणाला प्रांताच्या शहरातून तोक्तोसून येणार होता, सरकारी वकील, जुना दोस्त. कादिरकुलच्या कोटात आतल्या बाजूला मेदेरविरुद्ध जमवलेली फाइल होती. जेवणं झाली की ती तोक्तोसूनच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं.

चहाच्या वेळी पाहुण्यांच्या तंबूत त्याच्या शेजारी एक अनोळखी म्हातारा येऊन बसला. पांढरी दाढी, हाताच्या भेगांत काळं तेल मुरलेलं. नाव शार्शेन, कोचकोर गावचा, तोही ट्रकवालाच. मेदेरबरोबर आला होता, पण वयामुळे लोकांनी त्याला वर बसवलं. त्याने आधी आयसाल्किनसाठी दुवा मागितली, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, की मुलीच्या वडिलांना भेटायचं कधीपासून मनात होतं. बातमी आली तेव्हा तुमचा जावई माझ्या घरात होता. त्या पोराने जो आकांत केला तो मी जन्मात विसरणार नाही. बापाला हे कळलं तर जिवाला थोडा थंडावा मिळेल, म्हणून सांगतो.

कादिरकुलने कप खाली ठेवला. "तुमच्या घरात? कधी?"

म्हाताऱ्याने सविस्तर सांगितलं. त्या रात्री धरणाच्या वळणावर मेदेरचा ट्रक बंद पडला होता. शार्शेन मागून येत होता, त्याने दोर लावून ट्रक कोचकोरपर्यंत ओढत नेला. दोघं त्याच्या घरी जेवले, एकाच खोलीत झोपले. सकाळी साडेसहाला फोन आला.

"धरणापाशी किती वाजले होते?"

"साडेदहा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? थोरली सून दवाखान्यात रात्रपाळीला असते. साडेदहाला तिची मधली सुट्टी असते तेव्हा फोन करते, रोज. मी दोर बांधत होतो आणि ती बोलत होती."

"पोलिसांना का नाही सांगितलंत हे?"

शार्शेनला प्रश्नच कळला नाही. "मला कुणी विचारलं नाही. यात पोलिसांचं काय?"

कादिरकुलने दाराकडे पाहिलं. मेदेर तिकडून त्यांच्याकडेच बघत होता. पकडल्या गेलेल्या माणसाची नजर कादिरकुलने हजार वेळा पाहिली होती आणि ही तीच नजर होती. मेदेर घाबरला होता. पण तो कादिरकुलकडे बघत नव्हता, शार्शेनकडे बघत होता, आणि अगदी हलकेच मान हलवून त्याला गप्प राहायला सांगत होता.

सुटकेचा साक्षीदार खिशात असताना हा माणूस अकरा दिवस मार खात राहिला. का?

कादिरकुल उठून बाहेर आला. अंगणात बायका मोठ्या कढईत बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळत होत्या, तेलाचा वास सगळीकडे पसरला होता. जर्दाळूच्या झाडाखाली त्याची बायको बुरुल आणि धाकटी बहीण उल्कान कणीक लाटत बसल्या होत्या. दोघींनी एकदमच वर पाहिलं आणि एकदमच माना खाली घातल्या. तो तिथून न थांबता घरात गेला, मागच्या खोलीत, भट्टीसमोर.

त्याने ही भट्टी मोजली होती. चित्र काढलं होतं तिचं, मापांसकट. झडपेची लोखंडी कडी जमिनीपासून पाच फुटांवर. साडेदहाला झडप उघडी. मेदेर त्या वेळी दीड तासाच्या वाटेवर, ट्रक बंद पडलेला, आणि पुढे सकाळपर्यंत शार्शेनच्या घरी. घरात तीन माणसं. एक तापात पडलेली, उठायचं त्राण नसलेली. एक पाच वर्षांची, जिचा हात कडीला पोचत नाही.

दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असती तर त्याने हे अर्ध्या दिवसात सोडवलं असतं. इथे नऊ महिने लागले. त्याने मेंढपाळाला तीनदा विचारलं होतं, दुकानदाराला, शाळेतल्या बायांना, भट्टी बांधणाऱ्या गवंड्याला. मेदेरच्या अनाथाश्रमात पत्र पाठवलं होतं. त्या घरात त्या रात्री वाचलेल्या एकुलत्या एका मोठ्या माणसाला त्याने काहीच विचारलं नव्हतं.

सायराकान पुढच्या खोलीत खिडकीशी बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांमुळे तंबूत जमिनीवर बसता येत नाही म्हणून घरातच. डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर रिकामे हात. तो समोर येऊन बसला. 

"शार्शेन भेटला वाटतं," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मीच मेदेरला म्हटलं होतं, त्याला घेऊन ये म्हणून. आणायला तयार नव्हता. म्हटलं, नाही आणलंस तर मी भर तंबूत जाऊन बोलेन. तेव्हा आणलं."

कादिरकुलने खाली बघतच विचारलं, "आई, झडप कुणी लावली?"

"मी."

ती पुढे आपणहून बोलत गेली, जणू इतके दिवस वाक्यं तयार करून ठेवली होती. पोरीला हुडहुडी भरली होती. अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मेदेर जाताना भट्टीत भरपूर कोळसा घालून झडप उघडी ठेवून गेला होता, आणि बजावून गेला होता, की आजी, हात लावू नका, पहाटेपर्यंत जळू दे. रात्री तिला जाग आली. बघते तर ऊब सगळी वर निघून चाललेली. निखारे नुसते लाल दिसले. कोळशावर निळी ज्योत असली की झडप लावायची नसते हे ती लहानपणापासून जाणत होती. पण ज्योत निळी होती की नव्हती ते तिला दिसलंच नाही. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला. तिने काठीने कडी ओढली, पोरीच्या कपाळावर हात ठेवला, आणि जाऊन झोपली.

"कपाळ गरम होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता बरं वाटेल तिला."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. पहिलं मेदेरलाच सांगितलं. तो दारात उभा होता, अंगावर बर्फ. मी म्हटलं, मी मारलं हिला. त्याने माझं तोंड हाताने दाबलं. म्हणाला, आजी, हे पुन्हा बोलायचं नाही. लोक तुम्हाला मरेपर्यंत बोट दाखवतील. मी लावली म्हणून सांगतो, माझं कोण काय करणार आहे, चूक तर होतेच माणसाकडून." तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "त्याला वाटलं चूक म्हणून सोडून देतील. तू असा मागे लागशील हे त्याला कुठे ठाऊक होतं."

"आणि त्याला आत घेतलं तेव्हा?"

"तेव्हा मी उल्कानला म्हटलं, मला ठाण्यात ने. ती म्हणाली, दादा तुला काही करणार नाही, पण तो स्वतःचं काहीतरी करून घेईल. रडली, पाया पडली. मी थांबले. मग वाटलं, तू येशील. तू सगळ्यांना विचारतोयस, एक दिवस मला विचारशील. मी रोज इथे बसून वाट बघायचे. तू यायचास, चहा प्यायचास, वही बंद करून ठेवायचास आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचास."

कादिरकुलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी आपणहून बोलले असते," सायराकान म्हणाली. "पण मला तुझी भीती वाटली. पोटच्या पोराची. कशी वाटते ते तुला नाही कळायचं."

 त्याच्यासमोर बसलेली किती माणसं अशीच मांडीवर हात ठेवून बसायची ते त्याला आठवलं. ती भीती हेच आपलं कसब, असं तो तरुण अधिकाऱ्यांना शिकवत असे.

तो बाहेर आला तेव्हा उल्कान दाराशीच उभी होती, हाताला कणीक लागलेली. तिला सगळं कळलेलं दिसत होतं. त्याने विचारलं, आणखी कुणाकुणाला माहीत आहे. ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून. वहिनीला उन्हाळ्यापासून. त्याने बुरुलकडे पाहिलं. चौतीस वर्षांची संसारातली सोबतीण. उन्हाळाभर ती त्याच्या शेजारी झोपली होती, त्याच्या फाइलवर सांडलेला चहा तिने पुसला होता.

"तू तरी सांगायचंस," तो म्हणाला.

बुरुलने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "दोनदा तोंड उघडलं मी. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, बायकांनी यात पडू नये. आणि खरं सांगू का, तुम्ही आईंचं काय कराल ते मला कळत नव्हतं. इतकी वर्षं एकत्र काढून कळत नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझीही पोर होती ती. मला कुणावर तरी राग धरायला हवा होता. मेदेरवर धरणं सोपं होतं. माझंही चुकलं."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. तोक्तोसून उतरला, रिवाजाप्रमाणे रडत आला, आणि कादिरकुलने त्याला कवेत घेतलं. खांद्यावर डोकं असतानाच त्याने कानात सांगितलं, की फाइल द्यायची नाही. जावई निर्दोष आहे. तपासच खोटा होता, माझाच. तोक्तोसूनने मागे सरून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, मग लावली कुणी. कादिरकुल म्हणाला, जेवायला बसलास की ऐकशील. अपघात आहे, तुझ्या कामाचं त्यात काही नाही.

खोलीतून निघताना सायराकानने कादिरकुलला एकच सांगितलं होतं. माझ्या नावाने सांग आणि सगळ्यांसमोर सांग. मी असताना सांग.

तंबूत मौलवींनी कुराणातल्या आयती म्हटल्या. मांस शिजून तयार होतं. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायचं काम घरातल्या तरुण पोरांचं, नाहीतर जावयांचं. एक पुतण्या झारी आणि तस्त घेऊन निघाला होता. कादिरकुलने त्याच्या हातातून झारी आणि तस्त काढून घेतलं. पुतण्याला वाटलं, काका काहीतरी विसरले. कादिरकुल टॉवेल खांद्यावर टाकून आत शिरला तेव्हा तंबूतलं बोलणं एकेक करून थांबत गेलं. चौसष्ट वर्षांचा यजमान, पाठ वाकवून पाणी घालायला निघालेला. रिवाज असा की सुरुवात सर्वात मानाच्या माणसापासून, तंबूच्या वरच्या टोकाकडून. कादिरकुल वर गेला नाही. तो दारापाशीच वळला आणि मेदेरसमोर गुडघ्यांवर बसला.

मेदेरने हात मागे घेतले. "बाबा, हे काय करताय. असं नका करू."

"हात पुढे कर."

मेदेरने हात पुढे केले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती. कादिरकुलने ते पहिल्यांदाच पाहिलं. पाणी तस्तात कमी आणि गालिच्यावर जास्त सांडलं. तो पुढे झुकला आणि मेदेरच्या कानाशी हळू आवाजात बोलायला लागला. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून आला होता, पण ऐन वेळी त्याचा धीर सुटला. फक्त या एकाला ऐकू जावं, बाकीचं नंतर बघू, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, झडप तू लावली नव्हतीस, मला कळलं. मी तुझ्यावर जो अन्याय केला त्याला माफी नाही, तरी मागतो.

 मेदेरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. कादिरकुलला वाटलं, हा मला माफ करणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग मेदेरने मान दुसरीकडे वळवली आणि जरा ओशाळून म्हणाला, "बाबा, या बाजूने बोला. त्या कानाने येत नाही ऐकायला."

"कधीपासून?"

मेदेरने त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. मग म्हणाला, "फेब्रुवारीपासून."

कादिरकुल त्याच्यासमोर तसाच बसून राहिला. जरा बोलतं करा त्याला. आपलाच आवाज त्याला ऐकू आला, फोनवरचा, शांत, कामकाजाचा. त्याने झारी बाजूला ठेवली, डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वळून सगळ्या तंबूकडे तोंड केलं. टोपी काढलेला यजमान त्या लोकांनी कधी पाहिला नव्हता. वरच्या टोकाला तोक्तोसून बसला होता. उल्कान आणि बुरुलने सायराकानला दोन्ही बाजूंनी धरून दारात आणलं होतं.

"ऐका," तो म्हणाला, मोठ्याने. "झडप माझ्या आईने लावली. पोरीला ऊब मिळावी म्हणून. तिला दिसत नाही. मेदेरने ते आपल्या अंगावर घेतलं, तिला बोल लागू नये म्हणून. माझ्या आईला. मी त्याला धरून नेलं, मारायला लावलं, त्याचं पोर काढून घेतलं. मी त्याला खुनी म्हणालो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. आज सकाळी मी त्याला मिठीसुद्धा मारली नाही. हे सगळं मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही."

 सहा पुरुषांपैकी उरलेले पाच आपापल्या पुढ्यातल्या भाकरीकडे बघत होते. दारातून सायराकान म्हणाली, "खरं आहे," आणि बुरुलने तिला खाली बसवलं.

मेदेर उठला. कादिरकुललाही त्याने दंडाला धरून उठवलं. मिठी वगैरे काही झाली नाही. मेदेर एवढंच म्हणाला, "आजींचं नाव काढायला नको होतं तुम्ही." मग त्याने विचारलं, "बेगिमायला आज नेऊ का?"

ने, असं कादिरकुल म्हणाला. तुझीच आहे.

बेगिमाय अंगणात कढईपाशी होती, हातात गरम बोरसोक, फुंकर घालत. मेदेर तिच्यापासून दहा पावलांवर जाऊन थांबला आणि खाली बसला. त्याने हात पसरले नाहीत, नुसता बसला. पोरीने त्याला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं. तिचे पाय उचललेही गेले. पण ती धावली नाही. तिने वळून तंबूच्या दाराकडे, आजोबाकडे पाहिलं, परवानगीसाठी. नऊ महिन्यांत तिला तेवढं नीट शिकवलं गेलं होतं.

कादिरकुलने मान हलवली. तिला ते पुरलं नाही. ती आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, खरंच ना म्हणून, तेव्हा त्याला तोंडाने सांगावं लागलं.

"जा," तो म्हणाला. "बाबा आहे तुझा."